पायरीवरच्या चपला

सोमवार, ४

एकदाचे पोचलो. बसमधून उतरलो तेव्हा माझ्या गुडघ्यांचा पार भुगा झाला होता आणि बायको पिशवी माझ्या हातात कोंबून दोन पावलं पुढेच. "अहो, वास आला का?" आला. मासळीचा, डिझेलचा आणि कुजक्या दोरखंडांचा. हिने मात्र छाती भरून असा श्वास घेतला, जसं काही कोणी अत्तर शिंपडलंय.

हे हिचं माहेरचं गाव. आमचं लग्न झालं त्याच वर्षी सासरे गेले, सासूबाई मेव्हण्याकडे राहायला गेल्या, घर विकलं. मग यायचं कोणाकडे? पस्तीस वर्षं कोणी इकडे फिरकलं नाही. आता मी चष्म्याचं दुकान पुतण्याच्या हवाली केलं, तसं हिने टुमणं लावलं, "एकदा जाऊन येऊ, पंधरा दिवस." परतीची तिकिटं मात्र मी स्वतः काढली आहेत, वीस तारखेची. पाकिटात आहेत.

हिच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे उतरलोय. खाली तिची बेकरी, वर आमची खोली. बाई चांगली दणकट आहे आणि तिला अख्खं गाव चिमणी म्हणतं. दारातच तिने हिला मिठी मारली आणि ओरडली, "अरे, टिटवी आली रे!"

टिटवी! मी बघतच राहिलो. इतकी वर्षं संसार केला आणि हिला टिटवी म्हणतात हे मला ठाऊक नाही. विचारलं तर म्हणाली, "लहानपणी फार केकाटायचे मी." आमच्या घरी हिचा आवाज स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत ऐकू येत नाही.

मंगळवार, ५

सकाळी उठलो तर पलंगावर मी एकटाच. ही आली ती ओल्या केसांनी. म्हटलं, इथल्या नळाला पाणी नव्हतं का? "समुद्रावर गेले होते," म्हणाली आणि चहा ओतायला लागली.

संध्याकाळी मला घेऊन गेली. बंदराच्या एका अंगाला पोहणाऱ्यांसाठी दगडी पायऱ्या आहेत. तिथे एक रखवालदार असतो. गळ्यात शिट्टी, एक पाय ओढत चालतो. आम्हाला बघून "टिटवे!" म्हणून असा हंबरला की बोटीवरचे लोक वळून बघायला लागले. आणि ही हसली. साधंसुधं नाही, तोंड उघडून, पोट धरून. मी हिला असं हसवल्याचं मला आठवत नाही.

"हे आमचे जावईबापू ना?" म्हणत त्याने माझा हात दाबला. कोणाचा जावईबापू? कळलं ते असं की सासरेच पूर्वी या पायऱ्यांचे रखवालदार होते. आम्हाला लग्नात 'बंदरात नोकरीला' एवढंच सांगितलं होतं. हा शिट्टीवाला त्यांच्या हाताखाली तयार झाला. म्हणाला, "जावईबापू, तुमच्या बायकोसारखं पोहणारं या गावात दुसरं कोणी निघालं नाही."

मला हसू आलं. म्हटलं, "काहीतरीच काय! हिला पाण्याची भीती वाटते."

तो हिच्याकडे बघत राहिला आणि ही चपलेतली वाळू झटकत बसली.

भीती वाटते म्हणजे वाटतेच. मी साक्षीदार आहे. लग्नानंतर आम्ही तलावावर गेलो होतो. होडी जरा कुठे डुलली आणि ही इतकी घाबरली की मीच नावाड्याला परत फिरायला लावलं. काळजीने माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. किनाऱ्याला लागल्यावर मला उलटीही झाली, सकाळचं खाणं बाधलं असावं. माझी पाठ चोळत ही म्हणाली होती, "मलाही पाणी जमत नाही हो. पुन्हा नको यायला." तो शब्द मी आजवर पाळला. हिला कधी पाण्याच्या जवळपाससुद्धा नेलं नाही.

मग आता ही पोहणारी कुठून उपटली? माझ्याशी खोटं का बोलली? असं कोण होतं इथे, की ज्याचा मला पत्ता लागू द्यायचा नव्हता?

गुरुवार, ७

आज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ही पोहते. नुसती पोहत नाही, लांबवरच्या काळ्या खडकापर्यंत जाते आणि परत येते, जशी मी दुकानातून कोपऱ्यावर चहाला जायचो. तिचं डोकं ठिपक्याएवढं झालं तेव्हा मी उठून उभा राहिलो. काळजीने की रागाने, सांगता येत नाही. बहुतेक दोन्हींनी.

शिट्टीवाला शेजारी बसून होता. त्याचा चष्मा बघवत नाही. दांडी दोऱ्याने बांधलेली, काचांवर ओरखडे आणि नंबर तर जुनापुराणा. डोळे बारीक करून बघतो त्यावरून सांगतो, लांब पाण्यात माणसाचं डोकं आहे की तरंगता डबा हे या गृहस्थाला कळणार नाही. असला रखवालदार! मला मनातल्या मनात जरा बरं वाटलं.

तो सारखा बोलत होता. "आपलं सगळं या चपलांवर चालतं बघा, जावईबापू," असं काहीतरी, मग झेंड्याचं, मग लाँचचं. पायऱ्यांवर चपलांची रांग असते आणि कोणाचा पाय लागून एक जरी सरकली तरी हा खेकसतो. मी काही नीट ऐकलं नाही. माझं लक्ष त्याच्या तोंडाकडे होतं. ही खडकाकडे जात होती आणि हा तिकडे बघून हसत होता. दिसत कपाळ नव्हतं त्याला, तरी हसत होता. जे मला स्वच्छ दिसत होतं ते याला न बघताच पाठ होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शनिवार, ९

ऐकायला नको ते ऐकलं. चोरून नाही, जिन्यात गुडघ्यांना विसावा देत उभा होतो. खाली बेकरीत दोघी मैत्रिणी बोलत होत्या.

ही: "तुझी मागची तळमजल्याची खोली मोकळी आहे ना? जिना नको बाई, पायांना फार त्रास होतो."

चिमणी: "आहे की. झाडून घेते."

ही: "खिडकीशी उजेड येतो ना? एक टेबल लागेल. लिहायला."

चिमणी: "अगं, पण यांना सांगितलंस का?"

ही: "धीर होत नाही गं. नाही म्हणाले म्हणजे?"

आता दोन आणि दोन चार करायला मला कोणी शिकवायला नको. पायांना त्रास कोणाला? या गावात पाय ओढत चालणारा एकच. टेबल कोणाला? हिला लिहायचं वावडं, किराणा काय आणायचा तेसुद्धा मलाच लिहून घ्यायला लावते. रखवालदाराला मात्र रोजच्या भरती-ओहोटीची नोंद ठेवावी लागते. आणि धीर होत नाही तो मला सांगायला.

म्हणजे ही मला सोडून इथे राहणार. हे वाक्य लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते सुचेना. साठी उलटल्यावर बायको सोडून गेली तर माणूस लोकांना काय सांगतो? लोकांचं सोडा, सकाळी चहा कोणासमोर बसून पितो? जिना चढून वर आलो तेव्हा गुडघ्यांतून कळा येत होत्या, त्यात हे.

रविवार, १०

दिवसभर अबोला धरला. हिच्या लक्षातच आलं नाही.

मंगळवार, १२

आज विषय काढला. म्हटलं, वीसला निघायचंय, सामानाचं बघ.

"थोडे दिवस अजून राहिलं तर?"

"कोणासाठी?"

"अहो, कोणासाठी म्हणजे?"

"मला काय विचारतेस? स्वतःच्या मनाला विचार."

ही माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी सांगणार होती असं वाटलं. मग टॉवेल खांद्यावर टाकला आणि निघून गेली. मी खिडकीतून पाहिलं. पायऱ्यांच्याच दिशेने गेली.

बुधवार, १३

आज जे घडलं ते लिहायला हात धजत नाही. पण लिहिल्याशिवाय चैनही पडणार नाही.

सकाळी ही गेली, थोड्या वेळाने मीही मागून गेलो. ही केव्हाच खडकाच्या बाजूला पोचली होती. बाकीचे एकेक करून पाण्यातून वर येत होते, पायात चपला सरकवून घरी जात होते. शिट्टीवाला आपल्या टपरीत पाठमोरा, चहा गाळत होता. पुढे दोन कप मांडलेले. दोन! दुसरा कोणासाठी ते कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

पायरीवर हिच्या तपकिरी चपला होत्या. मीच घेऊन दिलेल्या. म्हटलं, ये आता अनवाणी. या खडबडीत दगडांवरून उड्या मारत ये, म्हणजे कळेल नवरा इथवर येऊन गेला ते. चपला उचलल्या, पिशवीत टाकल्या आणि खोलीवर आलो. इतका पोरकटपणा मी शाळेतसुद्धा केला नव्हता. पण खोटं कशाला बोलू, त्या वेळी फार गार वाटलं.

खिडकीतून बंदराचा खांब दिसतो. बघता बघता त्यावर हिरवा झेंडा चढला आणि लाँचचा भोंगा झाला. खालून चिमणीने विचारलं, "टिटवी आली का हो? झेंडा लागला, म्हणजे सगळे बाहेर आले."

म्हटलं, "येईल. तिच्या चपला माझ्याकडे आहेत."

चिमणी पिठाच्या हातांनी तशीच जिना चढून आली. "कुठे आहेत?" मी पिशवी उघडून दाखवली. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. "अहो, तुम्ही पायरीवरच्या चपला उचलल्यात? त्याला लांबचं दिसत नाही हो! पायरीवर चपला उरल्या नाहीत की तो झेंडा लावतो आणि लाँच आत येते!"

त्याला लांबचं दिसत नाही. हे तिने मला सांगावं! मीच या वहीत परवा मिटक्या मारत लिहिलंय की.

जिना कसा उतरलो, देव जाणे. चपला दोन्ही हातांनी डोक्यावर धरून भर रस्त्याने धावत सुटलो. "चपला! चपला!" एवढंच तोंडातून निघत होतं. लोकांना वाटलं असेल, म्हातारा चळला. शिट्टीवाल्याने माझ्या हातातल्या चपला पाहिल्या मात्र, काही न विचारता झेंडा खाली ओढला आणि छाती फुटेल अशी शिट्टी फुंकली. लाँच बंदराच्या तोंडाशी आली होती. माझी नजर उत्तम आहे. जन्मभर तोच धंदा केला. मी सगळं पाणी डोळ्यांनी चाळून काढलं आणि मला कुठेही डोकं दिसलं नाही.

मी हिला हाक मारली. नावाने. लग्न झाल्यापासून 'अगं' वर भागवलं, मोठ्याने नाव कधी घेतलंच नव्हतं. घेत राहिलो. किती वेळा, माहीत नाही.

मग खडकावरून आवाज आला, कर्कश, सगळ्या बंदरात घुमेल असा. "अहो! मागे व्हा! तुम्हाला पोहता येत नाही!"

तेव्हा मी खाली पाहिलं. पाणी माझ्या छातीला लागत होतं.

झेंडा चढलेला बघताच ही खडकाच्या पलीकडच्या अंगाने वर चढून बसली होती. लहानपणापासून ते अंगवळणी पडलेलं. लाँच थांबली, शिट्टीवाला होडी घेऊन गेला आणि हिला घेऊन आला. मला दोन कोळ्यांनी बखोटीला धरून बाहेर काढलं, चपलांसकट.

शिट्टीवाल्याने सगळ्यांदेखत मला झाडला. "जावई असाल तर घरी! इथल्या चपलांना हात लावायचं काम नाही! तिला काही झालं असतं तर कोणाच्या तोंडाकडे बघायचं होतं मी?" मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

हिने ओल्या चपला पायात घातल्या आणि माझ्या पुढे चालू लागली.

गुरुवार, १४

कालचा सगळा दिवस ही बोलली नाही. आज दुपारी खिडकीत बसली होती, तिथूनच म्हणाली, "का उचलल्यात?"

सांगितलं. सगळं. शिट्टीवाला, दोन कप, तळमजला, टेबल. सांगताना माझ्याच कानांना ते येड्यासारखं ऐकू येत होतं, पण अर्ध्यावर थांबता येईना.

"त्याच्याबरोबर?" ही म्हणाली. "अहो, त्याचं नाक पुसलंय मी लहानपणी!" आणि हसली, पण लगेच थांबली. "आणि पायांचं म्हणाल, तर रोज गुडघ्यांचं रडगाणं कोण गातं? टेबल कोणाला लागतं? रोज तोंड खुपसून काय लिहीत बसता ते मला दिसत नाही?"

साप साप म्हणून भुई धोपटली. मी वही उशीखाली सरकवली.

मग मी तलावाचं विचारलं. पाणी जमत नाही असं का म्हणाली होतीस? ही काचेवर बोट फिरवत होती.

"होडीचा काठ तुम्ही असा धरला होता की तुमची बोटं सोडवायला नावाडी आणि मी, दोघं लागलो. तोंड पांढरंफटक. उलटी झाली. नवा नवरा. त्याला काय सांगू, की मी खडकापर्यंत पोहून येते? म्हटलं, मलाही नाही जमत. वाटलं, पुढे कधीतरी सांगू. मग तुम्ही चारचौघांत सांगायला लागलात, हिला पाण्याची भीती वाटते, हिला जपावं लागतं. इतक्या कौतुकाने सांगायचात. मग राहूनच गेलं."

मला ते तसं आठवत नाही. पण ही म्हणते तसं असेल. बोटं दुखत होती हे मात्र आता आठवतंय.

"वाईट वाटायचं?" मी विचारलं.

"दर उन्हाळ्यात," ही म्हणाली. आणि मग माझ्याकडे तोंड करून, न अडखळता, "मी आता इथे राहणार आहे. दोन महिने, चार महिने, पाणी गार होईपर्यंत. खोली तुम्हाला डोळ्यांसमोर ठेवून बघितली. पण तुम्ही नाही म्हणालात तरी मी राहणार. परवापर्यंत विचारायला भीत होते. आता नाही भीत."

मला राग आला, खरं सांगायचं तर. हिला माझ्यावाचून राहता येतं, हे हिने इतक्या सरळ सांगावं?

शनिवार, १६

पुतण्याला फोन करून तपासणीची पेटी मागवली होती, ती आज बसने आली. घेऊन टपरीत गेलो. शिट्टीवाला माझ्याकडे बघेना. म्हटलं, "बसा इथे. समोरची अक्षरं वाचा." कुरकुरत बसला. वरची ओळसुद्धा धड वाचता येईना. डाव्या डोळ्याचा नंबर माझ्या अंदाजापेक्षा वाईट निघाला. चांगली फ्रेम सांगितली आहे, दोरा न लागणारी.

काम संपल्यावर त्याने दोन कप मांडले. मी दुसऱ्याकडे बघतोय हे बघून म्हणाला, "रोज मांडतो. टिटवी पोहून आल्यावर चहाला शिवत नाही. म्हटलं, जावईबापू येतात, बसतील. तुम्ही आपले फणकारत निघून जाता."

चहा बरा करतो. साखर जास्त.

परत येताना डोक्यात आलं, आता या माणसाला ही खडकापर्यंत अगदी स्वच्छ दिसणार. आणि ती सोय मी माझ्या हातांनी करून दिली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. गुण जात नाही माझा, काय करणार?

मंगळवार, १९

काल तिकिटं परत केली. हिला सांगितलं नाही, चिमणीला सामान हलवायला सांगितलं. ही बाहेरून आली तेव्हा मी तळमजल्यावर पुस्तकं लावत होतो. दारात उभी राहून बघत होती. "पलंग खिडकीशी नको, टेबल तिथे ठेवा," एवढंच म्हणाली आणि स्वतःच एका बाजूने टेबल उचलायला लागली.

आज सकाळी दोघं मिळून पायऱ्यांवर गेलो. तिने विचारलं, "उतरता का? गुडघ्याएवढंच." म्हटलं, नाही. "बरं," म्हणाली आणि गेली. मी शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून राहिलो. ही खडकाकडे निघाली, वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाण्यात शिरली की ही कोणाची कोणी नसते. मी इथे बसलोय, जग इथे आहे, याचा तिला पत्ता नसतो. मला वाटलं होतं, सगळा उलगडा झाला की हे खुपणं थांबेल. थांबलं नाही. माणसाशी निदान भांडता तरी येतं.

परत आली तेव्हा धापा टाकत होती. माझ्या शेजारी बसली, केसांतून पाणी गळत होतं.

"तोंड का पाडलंय?"

"हेवा वाटतो," मी म्हटलं. असं मी कधी कोणाला बोललो नव्हतो.

"अजून? कोणाचा?"

मी हनुवटीने समोर दाखवलं. "याचा."

तिने टॉवेल घेतला, केस पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, "पस्तीस वर्षं याला तुमचा वाटला असेल. तेव्हा कोणी विचारलं का याला?"

मी समोरच्या पाण्याकडे पाहिलं.

"सरका जरा," ती म्हणाली. "ओली आहे मी, भिजाल."

मी सरकलो नाही.